नावापुढचा स्वल्पविराम

"मग? केरूला पोचला का कागद?" धोंडाबाईंनी डोळे न उघडताच विचारलं.

उज्वला त्यांच्या डाव्या पायाला तेल चोळत होती. मोबाईल उशीला टेकवून उभा केला होता आणि तेलाचं बोट लागू नये म्हणून ती करंगळीने पडद्यावरचा मजकूर वर सरकवत होती.

"नाही ना, आई. अफरीनने आज पुन्हा पाठवला. तरी नाही पोचला."

"आन् शेखर?"

"तो चिडलाय. तिला लिहिलंय, शुक्रवारपर्यंत बघ, नाहीतर हे काम दुसऱ्याला देतो. तू परत तक्रारीच्या फोनवर बस."

"चिडायला काय जातंय त्याचं." धोंडाबाईंचा उच्चार जड होता, प्रत्येक शब्द ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून वाट काढत यायचा. "पोरीला कुनी धडपनी सांगंल का, कुठं चुकतंय ते?"

तेल मुरेपर्यंत उज्वला पाय चोळत राहिली. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं. नाशिकरोडच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराची खिडकी एकलहऱ्याच्या बाजूला उघडायची आणि लांबवर वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या. दुपारी त्यांचा धूर हलत नसे. आभाळाला चिकटून बसल्यासारखा वाटे आणि त्याच्याकडे बघता बघता डोळे जड होत.

त्या खोलीत केरू कधी आला नव्हता. अफरीनही नाही. शेखर फार पूर्वी एकदा येऊन चहा पिऊन गेला होता, पण तेव्हा धोंडाबाई विंचूरच्या अलीकडे आपल्या मळ्यात धडधाकट राबत होत्या. तरीही रोज दुपारी, भांडी आवरली की ही माणसं या खोलीत यायची. केरू थोडक्यात बोलायचा. शेखर कुणाचंही पहिलं म्हणणं खोडून काढायचा. अफरीन आधी माफी मागायची आणि मग बरोबर मुद्दा मांडायची. धोंडाबाईंना ती सगळी ओळखीची झाली होती. केरू काळासावळा असून त्याला मिशा आहेत आणि अफरीन उंच, अशक्त आहे, हे त्यांनी आपल्याआपण ठरवून टाकलं होतं.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याच्या मोटारींसाठी पेट्या बनवणारी एक कंपनी होती. शेतकऱ्याने घरून फोन लावला की विहिरीवरची मोटार चालू व्हायची, पुन्हा लावला की बंद. शहरातल्या इमारतींच्या मोटारींनाही त्याच पेट्या बसत. त्या पेटीच्या पोटात एक प्रोग्राम असे आणि तो नीट चालतो की नाही हे तपासायचं काम एके काळी उज्वलाकडे होतं. टेबलावर मांडलेल्या पेट्यांची वीज ती मुद्दाम घालवायची, परत आणायची, अर्धीच द्यायची. पेटी गोंधळली की तिला मनातून आनंद व्हायचा, कारण शेतातला गोंधळ टेबलावरच सापडलेला असायचा. टेस्टिंगमध्ये ती एकटीच होती आणि एकटी असणं तिला आवडायचं.

मग एका श्रावणात धोंडाबाईंना अर्धांगाचा झटका आला. नवरा सोमनाथ मनमाडला रेल्वेत; सकाळच्या गाडीने जायचा, दिवेलागणीला यायचा. घरी कुणीतरी थांबायला हवं होतं. नोकरी सोड, असं उज्वलाला कुणी म्हटलं नाही. सगळे नुसते गप्प बसले आणि त्या गप्प बसण्यात तिला जे ऐकू यायचं ते ऐकू आलं. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी समोसे खाल्ले. शेजारच्या खुर्चीवर बसणारा, तेव्हा नवखा, आता तिथला साहेब झालेला शेखर दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "मॅडम, लक्ष असू द्या आमच्याकडे."

आठवडा झाला नसेल, तिच्या फोनवर कंपनीचा मेल आला. मग आणखी एक. मग रोज येत राहिले.

ते पॅच होते. पॅच म्हणजे ठिगळ. प्रोग्राममध्ये कुणी चार ओळी बदलल्या की तेवढंच ठिगळ सगळ्यांना मेलने जायचं. सगळे ते उलटसुलट करून बघायचे, नावं ठेवायचे, आणि पटलं की ते मूळ कापडाला शिवलं जायचं. हे मेल हाताने पाठवायला नकोत म्हणून ऑफिसमधल्याच कुणीतरी एक लहानसा प्रोग्राम लिहून ठेवला होता. त्याच्याकडे नावांची आणि पत्त्यांची यादी असे. ठिगळ द्यायचं, ते यादीभर वाटून येई.

आपलं नाव यादीतून काढलेलं नाही, हे उज्वलाच्या लक्षात आलं. ती कुणाला काही बोलली नाही. शेखरनेच ठेवलं असणार, असं तिने मनाशी धरलं. लक्ष असू द्या म्हणाला होता. म्हणजे खरंच ठेवलं त्याने.

सुरुवातीला ती मेल एकटीच वाचायची. धोंडाबाई तेव्हा बोलत नसत, छताकडे बघत पडून राहत. एका दुपारी एक किचकट पॅच समजेना म्हणून उज्वला तो मोठ्याने वाचून, स्वतःशीच मराठीत लावून बघत होती. "हा म्हणतो विहिरीत पाणी संपलं की मोटार थांबायला पाहिजे, पण ही तर थांबून लगेच चालू होतेय..." आणि पलंगावरून आवाज आला, "कोन?"

झटक्यानंतरचा तो त्यांचा पहिला स्पष्ट शब्द होता.

तेव्हापासून वाचन दोघींचं झालं. मोटारी, विहिरी, जाणारी-येणारी लाइट हे धोंडाबाईंच्या जन्माचं होतं. प्रोग्राम उज्वलाच्या जन्माचा. दोन्ही मिळून गोष्ट पुरी व्हायची. सोमनाथला यातलं फारसं ठाऊक नव्हतं. एकदा लवकर घरी आला तेव्हा आईला हसताना बघून त्याने विचारलं, "काय चाललंय?" धोंडाबाई म्हणाल्या, "आमच्या मानसांचं चाललंय," आणि तो हातपाय धुवायला निघून गेला.

त्या ऑक्टोबरात मात्र गोष्ट हसण्यासारखी राहिली नाही. द्राक्षबागांच्या छाटण्या झाल्या होत्या आणि वेलींना पाणी हवं होतं. विंचूरच्या बाजूला लाइट जायची, यायची, आणि आली की सुरुवातीला नुसती मिणमिणती यायची. तेवढ्या विजेवर मोटार सुरू झाली तर जळते. तक्रारींच्या फोनवरून प्रोग्रामच्या कामावर आलेल्या अफरीनने त्यावर एक ठिगळ लिहिलं: लाइट आल्याबरोबर मोटार सुरू करायची नाही, वीज स्थिर होईपर्यंत पेटीने वाट बघायची. उज्वलाला ते इतकं आवडलं की तिने धोंडाबाईंना दोनदा वाचून दाखवलं.

इतर भागांतल्या पेट्यांत हे ठिगळ भरलं गेलं; विंचूर भागातल्या पेट्यांमध्ये ते केरूने भरायचं होतं. तो कंपनीचा फिरता मेकॅनिक; आधी त्याला शेखर वेगळं कळवायचा, यादीत त्याचं नाव या महिन्यातच घातलं होतं. पण केरूला मेल मिळालाच नाही, आणि सिंधुबाई नावाच्या एका बाईच्या विहिरीवरची मोटार जळाली. केरूने फोन करून शेखरला चार शब्द सुनावले, शेखरने ते मेलमध्ये अफरीनवर काढले. अफरीनने लिहिलं, सर, मी पाठवला होता, यादीत त्यांचं नाव आहे. पुरावा म्हणून पुन्हा पाठवला. पुन्हा पोचला नाही. एकट्या केरूला वेगळा पाठवला की लगेच पोचायचा; यादीतून पाठवला की वाटेत हरवायचा.

तेव्हापासून ती त्या वाटपाच्या प्रोग्राममध्येच दोष शोधत होती आणि तिचा रोजचा शोध मेलने या खोलीत येत होता. आधी तिला वाटलं, पत्त्याच्या आजूबाजूला मोकळी जागा राहिली असेल. ती काढणारं ठिगळ पाठवलं. फरक नाही. मग तिचा संशय केरूच्या नावावर गेला. केरूने आपलं नाव मराठीतच लिहायला लावलं होतं; बाकीची सगळी नावं इंग्रजीत. मराठी अक्षरं त्या प्रोग्रामला वाचता येत नसतील म्हणून तिने ते नाव इंग्रजीत केलं. त्यावर केरूचा एका ओळीचा मेल आला: 'नाव बदलून पण काय नाय आलं. आता परत मराठीत करा.'

धोंडाबाई त्यावर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

बुधवारी दुपारी अफरीनने कंटाळून अख्खी यादीच मेलमध्ये चिकटवली. खाली लिहिलं होतं, मला काही दिसत नाही, कुणाला दिसलं तर सांगा.

धोंडाबाईंचा डोळा लागला होता. उज्वला खिडकीशी बसून एकेक ओळ वाचत खाली आली. बरीचशी नावं तिच्या नंतरच्या काळातली होती. मध्येच एक ओळ आली आणि ती थांबली. 'उज्वला, टेस्टिंग'. इंग्रजी अक्षरांत, तिनेच कधीतरी सांगितल्याप्रमाणे एक 'जे' असलेलं. आपलं नाव असं दुसऱ्याच्या हाताने लिहिलेलं तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. दूधवाला 'दरेकर ताई' म्हणायचा, दवाखान्याच्या फाईलवर धोंडाबाईंचं नाव असायचं. ती त्या ओळीकडे बघत राहिली. बाहेर धूर आभाळाला टेकलेला होता. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी लांबून आल्यासारखी वाजली.

मग तिचं लक्ष नावापुढच्या पत्त्याकडे गेलं. तो तिचा नव्हताच. टेस्टिंग विभागाचा सामाईक पत्ता होता, आणि तो विभाग ती गेल्यावर बंदच झाला होता.

मग आपल्याला मेल कसे येतात?

तिने हातातला मेल उघडून तो कुणाकुणाला गेला ते बघितलं. वर सगळ्यांची नावं होती, प्रत्येकाच्या पुढे त्याचा पूर्ण पत्ता. फक्त तिच्या नावापुढे काही नव्हतं. 'उज्वला', एवढंच. आणि खाली असंच तुटलेलं आणखी एक नाव: 'केरू'.

ती परत यादीकडे गेली. 'केरू, विंचूर'. 'उज्वला, टेस्टिंग'. साऱ्या यादीत नावानंतर स्वल्पविराम असलेल्या एवढ्याच दोन ओळी होत्या.

मेलच्या पत्त्यांच्या नियमात स्वल्पविरामाचा अर्थ एकच: इथे एक पत्ता संपला. नावातच स्वल्पविराम असेल तर ते नाव अवतरणचिन्हांत बांधावं लागतं. यादीत ते कुणी बांधलं नव्हतं, म्हणून तो प्रोग्राम स्वल्पविरामापर्यंत यायचा, ओळ संपली असं समजायचा आणि उरलेलं टाकून द्यायचा. मग नुसतंच 'केरू' नाव घेऊन मेल निघायचा. पत्ता नसलेला मेल ऑफिसातल्याच त्या नावाच्या मेलपेटीत जायचा; केरूच्या नावाची अशी पेटी नव्हती, म्हणून तो हरवायचा. 'उज्वला' नावाची, तिची जुनी पेटी मात्र होती. नोकरी सोडताना भविष्यनिर्वाह निधीचे कागद घरी यावेत म्हणून तिने तिथले मेल आपल्या फोनकडे वळवून ठेवले होते, आणि ती पेटी बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

म्हणजे शेखरने तिला ठेवलं नव्हतं. कुणीच ठेवलं नव्हतं. टेस्टिंगला जायचे मेल एका चिन्हाशी अडखळून तिच्या दारात पडत होते. पलीकडे टेस्टिंगमध्ये ते मिळाले नाहीत म्हणून ओरडायलाही कुणी उरलं नव्हतं.

उज्वलाने फोन पालथा ठेवला. थोड्या वेळाने उठून तिने धोंडाबाईंना कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली, चहा टाकला. चहा उतू गेला तेव्हा ती ओट्यापाशीच उभी होती.

गुरुवारी तिने वाचून दाखवलं नाही. धोंडाबाईंनी बराच वेळ वाट पाहिली.

"आज नाय का आलं काही?"

"आलंय."

"मंग?"

"अफरीन म्हणते, मला सापडत नाही. उद्या काम परत देते." उज्वलाने साडीच्या पदराची घडी मोडली, पुन्हा घातली. "लिहिलंय, बहुतेक मला हे जमण्यासारखं नाही."

धोंडाबाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्यांचा एक डोळा पूर्ण उघडत नसे. जो उघडे त्यात सगळं उतरे.

"तुला घावलंय," त्या म्हणाल्या.

उज्वलाने पदर सोडून दिला.

"कालपासून तू गप हाय. तुला घावलंय कुठं चुकतंय ते."

"हो."

"मंग सांग की तिला."

"सांगितलं तर हे बंद होईल, आई. ज्या चुकीमुळे केरूला जात नाही, त्याच चुकीमुळे आपल्याकडे येतं. ती दुरुस्त झाली की आपल्याकडे काही यायचं नाही. केरूचं नाही, अफरीनचं नाही. कुणाचंच नाही."

धोंडाबाईंना हे समजायला वेळ लागला. पंखा फिरत होता. त्यांचा चांगला हात चादरीवर एक सुरकुती सरळ करत राहिला.

"चुकून येत व्हतं?" त्यांनी विचारलं.

"चुकून."

"तुला कुनी धाडत नव्हतं?"

"नाही, आई." उज्वलाने चादरीचं टोक आत खोचलं. "मला वाटायचं, धाडतात."

सासूने हात पुढे केला. तो उज्वलाच्या गुडघ्यापर्यंतच पोचला, तिथेच राहिला.

"वरल्या वावराचं पानी कवाकवा रातीचं आपल्या पाटात उतरायचं," धोंडाबाई हळूहळू बोलू लागल्या. "बांध फुटलेला असायचा. तुझा सासरा म्हनायचा, आलंय तर भिजू दे कांदा. मी भिजू द्यायची. पन सकाळी त्यांचं रान कोरडं दिसलं, की ऱ्हावायचं नाय. मंग जाऊन सांगायची मी. बांध फुटलाय म्हनून."

त्यांना दम लागला. त्या थांबल्या.

"ती पोर तिथं कोरडी उभी हाय, उज्वला."

त्या दुपारी उज्वलाने मेल लिहायला घेतला. पहिल्यांदा खूप लांब लिहिला. कधी नोकरीला लागले, का सोडली, मेल येतच राहिले तरी का कळवलं नाही. मग तो सगळा खोडला. एवढंच ठेवलं की मी पूर्वी टेस्टिंगला होते. तुमचे मेल अजून माझ्याकडे येतात आणि ते यायला नकोत. नावानंतर स्वल्पविराम असला की प्रोग्राम तिथेच थांबतो, केरूच्या नावाचं तेच होतंय. पुरावा म्हणून माझ्याकडे आलेला मेल जसाच्या तसा जोडला आहे. शेवटी थोडं थांबून तिने आणखी एक ओळ लिहिली. वीज स्थिर होईपर्यंत थांबायचा तुमचा पॅच फार चांगला आहे.

पाठवल्यावर तिने फोन स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. कणीक अर्धी मळून झाली तोच तो वाजला.

"मॅडम? मी अफरीन बोलतेय, अंबडहून." आवाज जाडा होता आणि मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. "अहो मॅडम, तुमचा मेल वाचला नि मी उडालेच! दोन्ही नावं मी शंभरदा बघितली असतील. कॉमा दिसलाच नाही. आपल्याला तो वाचताना खटकत नाही ना, आपण पुढे जातो. मशीन थांबतं, हे डोक्यातच आलं नाही."

"तुम्हाला नसतंच दिसलं. तुमच्याकडून जाताना तो पूर्ण दिसतो. माझ्याकडे तुटलेला येतो, म्हणून मला दिसला."

"खरंय. पन मॅडम," अफरीन घुटमळली. "तुम्ही जाऊन तर बरीच वर्षं झाली म्हणतात इथे. तेव्हापासून सगळं येत होतं? मग कधी कळवलं नाही?"

उज्वलाने कणकेचा हात पाहिला. बोटांवर पीठ वाळू लागलं होतं.

"मला वाटायचं, कुणीतरी मुद्दाम ठेवलंय."

पलीकडे खुर्च्यांचा आवाज थांबला.

"वाचत होतात?" अफरीनने हळूच विचारलं.

"रोज."

"माझे पन?"

"तुमचे आधी."

अफरीन एकदम म्हणाली, "मॅडम, आज संध्याकाळी दुरुस्तीचा पॅच पाठवते. तो जुन्याच प्रोग्रामने जाईल. म्हणजे तुम्हाला येईल."

तो आला. दिवेलागणीला सोमनाथ जेवायला बसला होता आणि धोंडाबाई पलंगावरून "आलं का?" म्हणून विचारत होत्या. उज्वलाने सगळ्यांसमोरच वाचला. लहानसं ठिगळ होतं: नावात स्वल्पविराम असेल तर नाव बांधून घ्यावं, आणि ओळ कुठेही मध्ये तोडू नये. खाली, प्रथेप्रमाणे, ठिगळ कुणी लिहिलं, कुणी तपासलं, ती नावं होती. त्यांच्याही वर एक ओळ होती. दोष कळवणारी व्यक्ती: उज्वला दरेकर.

"हे काय, तुझं नाव?" सोमनाथचा घास हातातच राहिला.

"हो."

"म्हणजे हे आता कायम राहणार तिथे?"

"प्रोग्राम आहे तोवर राहील."

तो थोडा वेळ तिच्याकडे बघत होता, घरात नवीन कुणी आल्यासारखं. मग म्हणाला, "मला कधी बोलली नाहीस," आणि त्यात तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी केरूला मेल पोचला. हे अफरीनने फोन करून सांगितलं म्हणून कळलं. उज्वलाच्या फोनवर त्या दिवशी गॅसवाल्यांचा मेसेज आला, आणि आणखी काही नाही.

पुढच्या रविवारी अफरीन स्वतः आली. जुन्या नाशकातून स्कूटरवर, पिशवीत नानखटाईचा पुडा घेऊन. बुटकी, गुबगुबीत, घामाने लाल झालेली. दारातूनच तिने इतक्या मोठ्याने "आदाब, नमस्कार, सगळं!" म्हटलं की धोंडाबाई दचकल्या.

"ही अफरीन, आई."

धोंडाबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तू तर उंच व्हतीस," त्या म्हणाल्या.

अफरीनला काही समजेना. उज्वलाने सांगितलं, तशी ती पलंगाच्या कडेवर बसून पोट धरून हसली. मग धोंडाबाईंनी तिला केरूच्या मिशांबद्दल विचारलं. केरूला मिशा नव्हत्या. शेखर खरंच तसा रागीट आहे का? नाही, बोलायला मवाळ आहेत, लिहितानाच तसे होतात. धोंडाबाईंना हे काही पटलं नाही. चहा झाला, नानखटाया झाल्या. अफरीनने जाऊन आलेल्या विहिरींच्या गोष्टी सांगितल्या आणि धोंडाबाईंनी विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर तिला देता आलं नाही, म्हणून तिने तो फोनमध्ये लिहून घेतला.

निघताना ती चपला घालत दारात रेंगाळली.

"मॅडम, मी शेखर सरांना विचारलं होतं. तुमचं नाव यादीत नीट टाकू का म्हणून. ते म्हणाले, आता गिऱ्हाइकांची माहिती असते मेलमध्ये, बाहेरच्या माणसाला नाही पाठवता येत. तुमची ती जुनी पेटी पन बंद केली." ती खाली बघत होती. "तुम्हाला नमस्कार सांगितलाय त्यांनी."

"बरोबर आहे त्यांचं. मी असते तर मीही तेच केलं असतं."

"मला वाईट वाटलं."

"वाटून घेऊ नका. वीज स्थिर झालीय हे पेटी कशावरून ओळखते, तेवढं अजून एकदा तपासा. अर्धी वीज देऊन बघा. मी टेबलावर द्यायचे तशी."

अफरीन मान हलवून जिना उतरली. तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता. वॉचमनशीही ती काहीतरी बोलत होती.

"बोलायला लय बोलती," धोंडाबाई म्हणाल्या. "लिवताना तशी नाय."

"नाही."

"आता तिचं पुढं काय व्हईल, ते कसं कळायचं?"

"फोन करीन म्हणाली."

धोंडाबाईंनी हुंकार दिला. कामातली माणसं फोन करतो म्हणतात आणि मनापासून म्हणतात, हे दोघींना ठाऊक होतं.

सोमवारी दुपारी भांडी आवरून उज्वला पलंगापाशी आली तेव्हा धोंडाबाईंना झोप लागली होती. पाय चोळून झाले होते. खुर्चीवर बसायला म्हणून ती बसली आणि उठली. गॅलरीत आली. सकाळपासून लाइट नव्हती. सगळी वसाहत पंखे बंद होऊन निपचित पडली होती, कुठे एक पान हलत नव्हतं, आणि एकलहऱ्याचा धूर आहे की नाही हेही उन्हात कळत नव्हतं.

तेवढ्यात लाइट आली. खोल्याखोल्यांतून पंख्यांची पहिली घरघर झाली. मग थोडा वेळ काहीच नाही. मग शेजारच्या इमारतीची मोटार सुरू झाली, तिच्या पलीकडची झाली, लांब कुठेतरी तिसरी, आणि शेवटी यांच्याच जिन्याखालची. गॅलरीच्या कोपऱ्यातून टाकीकडे जाणारा एक जाड पाइप होता. उज्वलाने त्याच्यावर तळहात ठेवला. ऊन लागून तो तापला होता. हळूहळू खालून गार होत आला, आणि तिला हाताखाली पाणी वर चढताना जाणवलं.